कथानकावाचून रंजन

अमेरिकन लेखिका एमिली हेन्री यांची ‘पीपल वुई मीट ऑन व्हेकेशन’ ही २०२१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी एकदा हाती घेतली, की संपेपर्यंत खाली ठेववत नाही. असे असूनही आठवडाभराने तिचे कथानक कोणी विचारले, तर उत्तर जुळवताना वाचकास अडखळावे लागते. रंजनात इतकी यशस्वी झालेली कृती स्मरणात का टिकू नये? हा प्रश्न या एकाच पुस्तकापुरता नसल्यामुळे त्याचा थोडा विचार करणे अगत्याचे वाटते.

पॉपी राइट ही न्यूयॉर्कमधील एका प्रवासविषयक मासिकाची लेखिका. अ‍ॅलेक्स निल्सन हा ओहायोतील लिनफील्ड गावचा शिक्षक. शिकागो विद्यापीठात शिकत असता दोघांची ओळख झाली. ती बोलकी, उतावळी, भटकी. तो मितभाषी, नेटका, घराची ओढ असलेला. दर उन्हाळ्यात मिळून सहलीस जावयाचे, हा त्यांचा नेम. क्रोएशियात मैत्रीची मर्यादा ओलांडली गेली आणि दोन वर्षे अबोला पडला. तो मोडावा म्हणून, अ‍ॅलेक्सच्या भावाच्या लग्नाचे निमित्त साधून, पॉपी त्याच्यासह पाम स्प्रिंग्जला जाते. एक प्रकरण या सहलीचे आणि दुसरे एखाद्या जुन्या उन्हाळ्याचे, अशी मांडणी आहे.

लेखिकेचे खरे सामर्थ्य संवादांत आहे. या दोघांची थट्टामस्करी कृत्रिम वाटत नाही. दीर्घ सहवासाने दोन माणसांत जी खाजगी भाषा तयार होते, तीच येथे ऐकू येते. पाम स्प्रिंग्जमधील स्वस्त बिऱ्हाडात थंड हवेचे यंत्र बिघडलेले, बाहेर वाळवंटाचा उकाडा, त्यात अ‍ॅलेक्सची पाठ धरलेली! ही प्रकरणे वाचताना हसू आवरत नाही. असे निर्मळ हास्य निर्माण करणे सोपे नव्हे.

परंतु प्रसंग म्हणजे कथानक नव्हे. न्यू ऑर्लिन्सची सहल व्हँकूव्हर बेटाच्या आधी ठेविली काय, नंतर ठेविली काय, वाचकास फारसा फरक जाणवणार नाही. बहुतेक सहलींत दोघांची ओढ किंचित वाढते आणि दोघेही गप्प राहतात. ज्यानंतर मागे फिरता येत नाही असा प्रसंग म्हणजे क्रोएशियाचा. पण त्याचे स्वरूप इतके दिवस झाकून ठेविले आहे, की उलगडा होतो तेव्हा केवळ कुतूहल शमते.

आपल्या जुन्या कादंबऱ्यांत प्रेमिकांच्या वाटेत वडिलांचा हट्ट, जात, हुंडा, दारिद्र्य उभे असे. पॉपी आणि अ‍ॅलेक्स यांना आडकाठी करणारे कोणी नाही. मग अडथळा मनातच शोधावा लागतो, आणि तो लेखिकेस सापडलाही आहे. शाळेत झालेल्या छळामुळे पॉपीला लिनफील्ड नकोसे झाले आहे. धाकट्या भावाच्या जन्मावेळी आई गमावलेल्या अ‍ॅलेक्सला, भावंडांना सांभाळता सांभाळता, घर हेच सर्वस्व वाटू लागले आहे. एकीचे पळून जाणे आणि दुसऱ्याचे मुळे धरून बसणे यांत एका मोठ्या कादंबरीचे बीज होते. मात्र हा संघर्ष ऐरणीवर येतो तो अखेरच्या प्रकरणांत. तेथे मानसोपचार आणि नोकरीचा त्याग यांच्या साह्याने तो घाईने मिटविला जातो.

जेन ऑस्टिन यांची १८१७ च्या अखेरीस, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेली ‘पर्स्वेजन’ ही कादंबरीही दुरावलेल्या प्रेमिकांचीच आहे. तेथे लाइम गावी लुइझा पडून जखमी होते, आणि त्या एका घटनेने वेंटवर्थला आपल्या मनाचा आणि अ‍ॅनच्या स्थैर्याचा नवा प्रत्यय येतो. घटनेने माणसाचे ज्ञान पालटते, म्हणूनच ती ध्यानात राहते.

हेन्री यांनी वाचकास आनंद दिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. थकलेल्या जीवास घटकाभर हसविणारे पुस्तक तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि प्रवासात सोबतीला हे पुस्तक खुशाल न्यावे. परंतु ज्या लेखिकेस माणसे इतकी जिवंत करता येतात, तिने त्यांना काही गमाविण्याचा धोकाही पत्करावयास लावावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.