फिरतें घर आणि वाटेवरची विहीर

आमचें पनवेलचें घर जुन्या मुंबई-पुणें रस्त्यापासून हांकेच्या अंतरावर आहे. बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. मुंबईहून होडीनें पनवेल बंदरांत उतरावें आणि पुढें घाट चढावा, असा त्या काळचा प्रघात होता. बैलगाड्यांचीं चाकें करण्याच्या धंद्याबद्दलही या गांवाचा लौकिक असे. तेव्हां आमच्या एका स्नेह्यांनीं भंगारांत निघालेली जुनी मॅटाडोर सोडवून आणून दोन वर्षांच्या खटपटीनें तिचें फिरतें घर केलें, यांत गांवच्या परंपरेस सोडून कांहीं घडलें असें आम्हांस वाटलें नाहीं. पहिला लांबचा प्रवास झांशीचा ठरला. उशाच्या फळीवर दोनच पुस्तकें मावत होतीं. तीं कोणतीं असावीं, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं जॉन स्टाइनबेक यांचें 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' आणि विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हीं दोन नांवें सांगितलीं. पुढें जें लिहीत आहों तें या शिफारशीचें समर्थन होय. मात्र लिहितां लिहितां तें थोडें डळमळीत झालें आहे, हेंही आधींच सांगून टाकतों.

१९६० च्या सप्टेंबरांत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, स्टाइनबेक मालमोटारीवर बसविलेलें छोटेंसें घर घेऊन आपला देश पाहावयास निघाले. सोबतीला चार्ली नांवाचा कुत्रा. गाडीला नांव दिलें रोसिनांते, म्हणजे डॉन क्विक्झोटच्या घोड्याचें. १९६२ सालीं पुस्तक निघालें व त्याच वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पुस्तकाची गोडी नाकारण्यांत अर्थ नाहीं. मेन संस्थानांत बटाटे काढावयास आलेल्या कॅनडाच्या मजुरांना ते आपल्या गाडींत बोलावतात आणि ब्रँडी पाजतात, तो प्रसंग आम्ही वर्गांत अनेकदां वाचून दाखविला आहे. पण येथेंच आमची एक शंका आहे. ज्याचें घर त्याच्यासोबत असतें तो सदैव यजमान असतो. आणि पाहुणा यजमानाशीं जपूनच बोलतो. त्याच्या घरांत भांडण काय चाललें आहे, पोर कां रडत आहे, हें यजमानाला कळत नाहीं.

या शंकेला पुढें विलक्षण पुष्टि मिळाली. २०१० सालीं बिल स्टायगरवाल्ड नांवाचे वृत्तपत्रकार त्याच वाटेनें गेले व त्यांनीं मूळ हस्तलिखित आणि पत्रें ताडून पाहिलीं. तेव्हां असें दिसून आलें, कीं स्टाइनबेक यांनीं फिरत्या घरांत रात्री काढल्या त्या थोड्याच. बराच काळ ते हॉटेलांत किंवा पत्नीसमवेत होते, आणि पुस्तकांतील कित्येक भेटी कल्पिलेल्या असाव्यात. पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेंत वाचकास तशी सूचनाही देण्यांत आली. आम्ही याला लबाडी म्हणणार नाहीं. चाकांवरच्या घरानें जें दिलें नाहीं तें कादंबरीकारानें पदरचें घातलें, इतकेंच. गाडी आतां सॅलिनास येथील संग्रहालयांत आहे; तिच्या खरेपणाबद्दल मात्र कोणास शंका नाहीं.

विष्णुभटांजवळ पदरचें घालण्यासारखें कांहीं नव्हतेंच. कर्जबाजारी घर मागें टाकून १८५७ सालीं पेणजवळच्या वरसईहून ते चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडांत सांपडले. झांशीच्या वेढ्यांत ते शहरांतच होते. त्यांना लुटण्यांत आलें. दुसऱ्यांच्या घरांत ते लपून राहिले. पुढें काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं त्यांना धुळीनें माखलेली, तहानेली राणी भेटते. ते पाणी काढून देऊं पाहतात, तर विद्वान ब्राह्मणाला हे श्रम नकोत म्हणून ती स्वतः मातीचें मडकें विहिरींत सोडते. प्रवासवर्णनांत याहून थोर प्रसंग आम्हांस ठाऊक नाहीं. तो घडला याचें कारण उघड आहे: दोघांजवळही पाणी नव्हतें.

आणि दुरुस्तीच्या गोष्टी चालल्या आहेत म्हणून सांगतों. हें पुस्तकही एकदां दुरुस्त झालेलें आहे. चिंतामणराव वैद्य यांनीं तें १९०७ सालीं छापलें तें भाषेंत व मजकुरांत फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली. वैद्यांच्या प्रतींत रंग चकचकीत आहे, पोतदारांच्या प्रतींत इंजिनाचा आवाज मूळचा आहे. फळीवर ही दुसरीच ठेवावी, असें आम्हीं बजावलें.

हें सारें आम्ही स्नेह्यांच्या ओसरीवर मोठ्या उत्साहानें बोललों, आणि गाडींत बसविलेली पाण्याची टाकी काढून टाका, असेंही थट्टेनें सुचविलें. तेव्हां त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "भावजी, तुमच्या विष्णुभटांना कुठल्याही ओसरीवर पथारी टाकतां आली. मला आंतून लागणारी कडी आणि हाताशीं पाणी नसेल, तर मी झांशी पाहणार कधीं?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें. घरीं येऊन विचार केला, तेव्हां आणखी एक गोष्ट ध्यानीं आली. विष्णुभटांना जी विहीर मोकळी होती ती सर्वांना नव्हती. त्यांच्याच कुलाबा जिल्ह्यांत, महाडला, चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. परक्या दारांवरील विसंबून राहणें ज्यांना सुखावह वाटतें त्यांना तीं दारें उघडींच मिळालेलीं असतात, आणि आमचें टीकाशास्त्रही त्याच ओसरीवर बसून लिहिलेलें आहे. आमचें साहित्यिक मत अद्यापि बदललेलें नाहीं; 'माझा प्रवास' हेंच श्रेष्ठ पुस्तक. परंतु टाकी काढण्याची सूचना आम्ही मागें घेतली.

मंडळी गेल्या महिन्यांत निघाली. स्नेह्यांचें इंदूरहून लांबलचक पत्र आलें आहे. त्यांत गिअर, रेडिएटर आणि घाटांत तापलेलें इंजिन यांचा वृत्तांत चार पानें भरून आहे, आणि वाटेंत भेटलेलें एकही माणूस नाहीं. पत्नींनीं समासांत दोन ओळी लिहिल्या आहेत: धुळ्यापुढें टाकीचा नळ गळूं लागला, एका वस्तीवर पाणी मागावें लागलें, आणि तेथल्या आजींनीं तासभर सोडलें नाहीं. आजी काय बोलल्या हें लिहिण्यास समासांत जागा उरली नव्हती. तें आम्हीं उलट टपालीं विचारलें आहे.