रेखाकृति कोणत्या साधनानें काढावी?

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. पोथीचें पहिलें व शेवटचें अक्षर एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें, अशी त्यांत अपेक्षा आहे. एकट्या लेखकासही ही अट जड. मग पांचसात जण मिळून एक सॉफ्टवेअर रचीत असतां व त्याच्या रेखाकृति जो तो दुरुस्त करीत असतां, तेथें एक टांक आणावा कोठून?

हा प्रश्न मजपुढें आला तो जालन्याच्या कांहीं विद्यार्थ्यांमुळें. बियाण्यांच्या दुकानाचा साठा व हिशेब ठेवणारें सॉफ्टवेअर ते रचीत होते. त्याची पहिली आकृति एका विकतच्या साधनांत काढली गेली. काढणारा पदवी घेऊन पुण्यास गेला, आणि मागें उरलें केवळ चित्र. पुढें साठा बिलाच्या वेळीं वजा न होतां माल उचलतांना वजा होऊं लागला; चित्र मात्र जुनेंच सांगत राहिलें. मंडळींत नव्यानें आलेल्या एका मुलीनें त्यावर विश्वास ठेविला, व तिचें पंधरा दिवसांचें काम पाण्यांत गेलें. तेव्हां मुक्तस्रोत साधनांपैकीं कोणतें घ्यावें, असें मला विचारण्यांत आलें. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. तथापि मूळ पाठ कोणता व तो कोठें बिघडला, हें पाहणें आमच्याही धंद्यांत येतेंच.

हातानें मांडण्याच्या साधनांत ड्रॉ.आयओ प्रमुख. चौकोन ओढावा, बाण जोडावा; कोणी शिकविण्याची गरज नाहीं. परंतु त्याची फाइल वाचूं गेल्यास प्रत्येक चौकोनाच्या स्थानाचे आकडे तींत दिसतात. कोणी चौकोन बोटभर सरकविला काय आणि बाण भलत्याच घरीं नेला काय, तपासणाऱ्यास दोन्हीकडे आकडे व खुणाच बदललेल्या दिसावयाच्या. २०२० मध्यें आलेलें एक्सकॅलिड्रॉ फळ्यावरील खडूसारखें आहे. त्याच्या वेड्यावांकड्या रेषा मुद्दामच्या आहेत. कच्चा विचार कच्चाच दिसावा, ही सोय मला फार मोलाची वाटते. गुळगुळीत आकृतीवर सहसा कोणी हरकत घेत नाहीं.

दुसऱ्या कुळांत आकृति काढावयाची नसून लिहावयाची असते. अमुक घराकडून तमुक घराकडे बाण, एवढें लिहावें. मांडणी यंत्र करील. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९९० च्या दशकाच्या आरंभीं जन्मलेलें ग्राफव्हिझ हें या कुळांतील आजोबा. २००९ चें प्लँटयूएमएल आपल्या कांहीं आकृतींसाठीं त्याचाच आधार घेतें. कोणी कोणास कोणत्या क्रमानें निरोप धाडला, हें दाखविण्यांत त्याचा हात धरणारें दुसरें मला आढळलें नाहीं. मात्र त्यास जावा लागतें. २०१४ मध्यें क्नूत स्वेइद्क्विस्त यांनीं आरंभिलेलें, जलपरीचें नांव धारण करणारें मर्मेड ब्राउझरांतच चालतें, आणि २०२२ पासून गिटहब त्याची आकृति लेखाच्या मध्येंच दाखवितें. २००५ पासूनचें गिट दोन आवृत्त्यांतील फरक ओळींओळींनीं दाखवीत असल्यामुळें "बिल" पुसून "माल उचल" कोणी व केव्हां लिहिलें, हें कोणासही वाचतां येतें. त्या मुलीचे पंधरा दिवस येथें वांचले असते.

म्हणून माझा कौल मर्मेडकडे, व क्रम गुंतागुंतीचा असेल तेथें प्लँटयूएमएलकडे. आकृति प्रथम कोण काढतो यापेक्षां ती दोन वर्षांनीं कोण दुरुस्त करील, हें मीं पाहिलें. या कुळाचें वैगुण्यही लहान नाहीं. घरें चाळीसपर्यंत गेलीं कीं यंत्राची मांडणी कोळिष्टकासारखी होते. आणि गोदाम डावीकडे, दुकान मध्यें, शेतकरी उजवीकडे, असा जो अर्थ माणूस जागेनेंच सांगतो, तो यंत्रास ठाऊक नसतो. असा एक मोठा नकाशा मुलांनीं ड्रॉ.आयओमध्यें ठेविला, व मींही मान्यता दिली. कोपऱ्यांत शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिहावी, एवढी अट मात्र घातली. गेल्या आठवड्यांत पाहिलें तों ती तारीख चार महिन्यांपूर्वींची होती.