क्वार्टरबॅकची पारख: आपण नेमकं काय मोजतो?

आज आपण एका समीक्षेचीच समीक्षा करणार आहोत. दर वर्षी एप्रिलच्या आधी अमेरिकेत कॉलेजच्या क्वार्टरबॅकवर ढीगभर अहवाल लिहिले जातात. एनएफएलचा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. इथे बोली नसते. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत मागे राहिला, त्याला साधारणपणे पहिली निवड मिळते. म्हणजे सगळ्यांत आशादायक मुलगा बहुतेक वेळा सगळ्यांत मोडक्या घरात जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

या अहवालांची भाषा ठरलेली. उंची, हाताची ताकद, चेंडू सोडण्याचा वेग, 40 यार्डांची धाव. टॉम ब्रेडी ही धाव 5.28 सेकंदांत धावला आणि 2000 साली 199व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. हे उदाहरण इतकं घासलं गेलंय की त्यातून काहीही सिद्ध करता येतं. तेव्हा ते बाजूला ठेवू आणि 2018चा ड्राफ्ट घेऊ.

त्या वर्षी पहिल्याच फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नोल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझेन दहावा आणि लमार जॅक्सन थेट 32वा. रोझेनला त्या वेळी पास टाकण्यात सर्वांत तयार म्हटलं जात होतं. ॲरिझोनाने त्याला एका वर्षात दुसऱ्या संघाकडे धाडलं. आणि जॅक्सन? हाइजमन पुरस्कार मिळवलेल्या या मुलाने क्वार्टरबॅक सोडून रिसीव्हर व्हावं, असं बिल पोलियन यांच्यासारख्या नावाजलेल्या माजी व्यवस्थापकाने सुचवलं होतं. 2019 साली तोच एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता इथे फक्त ‘अंदाज चुकला’ म्हणून पुढे जाता येत नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला ‘धावणारा’ म्हणायचं आणि त्याची जागा बदलायची, हा जुना शिरस्ता आहे. वॉरन मूनला 1978 साली एकाही संघाने निवडलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून पाच ग्रे कप जिंकला, मग परतला आणि 2006 साली हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. अहवालातला एक शब्द माणसाची सहा वर्षं खातो, ती अशी.

मग उपाय काय, आकडे? आकड्यांचीही गंमत बघा. वायोमिंगमध्ये ॲलनचे जेमतेम 56 टक्के पास पूर्ण होत. आकडेवाल्यांनी त्याला नापास केलं. व्यावसायिक खेळातल्या पहिल्या वर्षी तो 52.8 टक्क्यांवर होता, 2020 मध्ये 69.2वर. म्हणून काही जण म्हणतात, अचूकता शिकवता येते. पण थांबा. बफेलोने त्याला तीन वर्षं तोच आक्रमण-प्रशिक्षक ठेवला, समोरची फळी सुधारली, 2020 मध्ये स्टेफॉन डिग्ज आणला. याउलट कॉलेजात अचूकता नसलेले आणि पुढेही न सुधारलेले कितीतरी जण आहेत. त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत, एवढंच. वाचलेल्या एकावरून बुडालेल्यांचा हिशेब मांडता येत नाही.

2021 मध्ये झॅक विल्सनने कॉलेजच्या सराव-प्रदर्शनात डावीकडे धावत एक लांबलचक फेक केली. ती चित्रफीत सगळीकडे फिरली. पण तिथे अंगावर धावून येणारा बचाव नव्हता, आणि कुठली फेक कधी करायची हे आधीच ठरलेलं असतं. जेट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि 2024 साली दुसऱ्या संघाकडे धाडलं. फेक खरी होती. प्रश्न वेगळाच होता: दोन-अडीच सेकंदांत, कुणीतरी गुडघ्यावर झेपावत असताना, हा मुलगा काय पाहतो?

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी ड्राफ्टच्या निवडी तपासल्या. एकाच जागेवरच्या लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधीचा सरस ठरण्याची शक्यता त्यांना सुमारे 52 टक्के दिसली. नाणेफेकीपेक्षा थोडी बरी. याचा अर्थ स्काउट अडाणी आहेत असा नाही. त्यांना जेवढं कळतं, त्यापेक्षा त्यांची खात्री मोठी आहे, असा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी असा अहवाल वाचताना आपण तीन गोष्टी विचारू या. एक, हा गुण दबावाखाली दिसलाय की मोकळ्या मैदानात? दोन, हाच शब्द वेगळ्या रंगाच्या मुलासाठी वापरला असता का? तीन, तो कुणाच्या हाती जाणार आहे? पॅट्रिक माहोम्स कॅन्सस सिटीत जवळजवळ वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला. त्याच 2017 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आठ जागा आधी निवडलेल्या मिचेल ट्रुबिस्कीला शिकागोने चार सामन्यांनंतरच मैदानात उतरवलं. दोघांची जागा बदलली असती तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि ज्या अहवालात या तिसऱ्या प्रश्नाला जागाच नाही, तो अर्ध्याच खेळाडूबद्दल लिहिलेला असतो. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.