आठव्या हेन्रीचा स्वभावपालट

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या स्वभावावर एका इतिहासज्ञांचें जाहीर व्याख्यान ऐकण्याचा योग आम्हांस नुकताच आला. वक्त्यांची वाणी रसाळ व व्यासंग मोठा. सभा शेवटपर्यंत तटस्थ होती. त्यांचा सिद्धान्त असा कीं, १५०९ सालीं गादीवर आलेला विद्याप्रेमी, उमदा राजपुत्र १५३६ सालच्या आघातांनीं क्रूरकर्मा बनला.

त्या एका सालाचें वर्णन हा व्याख्यानांतील उत्तम भाग होय. जानेवारीच्या २४ तारखेस ग्रीनिच येथें भाल्यांच्या खेळांत राजा घोड्यावरून कोसळला. पांच दिवसांनीं ॲन बोलिन राणीचा गर्भपात झाला. मे महिन्यांत तिचा शिरच्छेद झाला (हा ‘आघात’ राजानें स्वतःच घडवून आणला होता, तें असो). जुलैंत अनौरस पुत्र फिट्झरॉय वारला. ऑक्टोबरांत उत्तरेकडे बंड उठलें. आमच्या शेजारच्या गृहस्थांनीं “बिचारा राजा!” म्हणून सुस्कारा सोडला, तेव्हां मात्र आम्ही सावध झालों.

पडल्यावर राजा दोन तास निश्चेष्ट होता, असें वक्त्यांनीं निःशंकपणें सांगितलें. हें वृत्त मार्च महिन्यांत रोमहून लिहिलेल्या पत्रांतलें आहे. प्रत्यक्ष इंग्लंडांत असलेला बादशहाचा वकील शापुई त्याच आठवड्यांत लिहितो कीं, पडणें भयंकर होतें, पण राजास इजा झाली नाहीं. हेन्रीची वाईट बातमी झांकून ठेवण्याचें शापुईस कांहींच कारण नव्हतें. मेंदूच्या दुखापतीची सारी इमारत उभी आहे ती त्या रोमच्या पत्रावर.

आणि त्यापूर्वींचें काय? एम्प्सन व डडली हे बापाचे कारभारी करवसुलीमुळें लोकांना नकोसे झाले होते. १५१० सालींच तरुण राजानें राजद्रोहाच्या आरोपाखालीं त्यांचीं शिरें उडविलीं. १५२१ सालीं बकिंगहॅमच्या ड्यूकची तीच गति झाली. वृद्ध बिशप फिशर व थॉमस मोर यांचा वध १५३५ मधला. मोरला राजाची पारख फार आधीं झाली होती. चेल्सीच्या बागेंत राजा त्याच्या गळ्यांत हात टाकून तासभर फिरला, म्हणून जांवयास आनंद झाला; त्यावर मोरनें त्यास सांगितलें कीं, आपल्या मस्तकाच्या मोबदल्यांत फ्रान्समधला एक किल्ला मिळत असेल, तर तें धडावर राहणार नाहीं. एवढा बोलका प्रसंग वक्त्यांनीं वगळावा, याचें नवल वाटतें.

पायाची जखम, स्थूलता व संशयीपणा यांनीं उत्तरवयांत राजा अधिक दुःसह झाला, हें आम्हांस मान्य आहे. १५४० सालीं क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला त्याच दिवशीं त्यानें पांचवें लग्न लावलें! परंतु १५३४ च्या कायद्यानें तो धर्मपीठाचाहि प्रमुख झाला होता. त्यास ‘नाहीं’ म्हणणारा मग उरला कोण? या प्रश्नास व्याख्यानांत दोन वाक्यें मिळालीं, घोड्यास मात्र पाव तास.

व्याख्यान पुस्तकरूपानें निघणार असेल, तर शापुईचें व रोमचें अशीं दोन्ही पत्रें त्यांत शेजारीं शेजारीं छापावींत, एवढी आमची विनंति आहे.