‘प्रतिष्ठा’ कोणाची?

बाभुळगाव हे यवतमाळ आणि धामणगाव यांच्या मधले तालुक्याचे गाव. कापसाचा मुलूख. येथे मी बरीच वर्षे मराठी शिकवीत आलो आहे. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन सक्तीचे झाले. नागपूर जिल्हा परिषदेच्या शाळांत तर ते २००५ सालीच सुरू झाले होते. आपल्या चळवळीला याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु रोज म्हटला जाणारा मजकूर हळूहळू कानाआड होतो. आमच्या वर्गात तो पुन्हा ऐकू आला तो आठवीतल्या एका मुलीमुळे. ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ या शब्दांवर ती थांबली आणि म्हणाली, “सर, प्रतिष्ठा त मोठ्या लोकायची असते ना? आपली कायची?”

मुले हसली. मला हसू आले नाही. त्या पोरीने मराठी भाषेचा अचूक अर्थ सांगितला होता.

आपल्या गावात हा शब्द कोठे वापरला जातो? ‘गावातील प्रतिष्ठित नागरिक उपस्थित होते’ या बातमीत. शांतता समितीच्या यादीत. लग्नाच्या बोलणीत ‘घराण्याची प्रतिष्ठा’ असते आणि अत्याचाराची फिर्याद मागे घ्यायला लावताना ‘गावची प्रतिष्ठा’ पुढे येते. म्हणजे मराठीत प्रतिष्ठा ही काहींजवळ असते आणि काहींजवळ नसते. काहींजवळ नसते म्हणूनच तर ती काहींजवळ असते. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीतील मुलीशी तो बोलतो, एवढेच त्याचे कारण असल्याची फिर्याद होती. पुढे साक्षीदार उलटले आणि २०१७ साली आरोपी सुटले. असे खून ज्या गोष्टीच्या नावाने केले जातात तिलाही मराठीत प्रतिष्ठाच म्हणतात. आणि अशा खुनांपासून माणसाला वाचविणारे जे मूल्य, त्यालाही आपण तोच शब्द दिला आहे!

हिंदी भाषांतरकारांनी येथे ‘गरिमा’ हा शब्द घेतला. तो जड आहे, पण त्याला गावकीचा वास नाही. मराठीपाशी तर याहून चांगला, आपल्याच लढ्यात घासून निघालेला शब्द होता. १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेलेले लोक पाण्यासाठी गेले नव्हते, माणुसकीच्या हक्कासाठी गेले होते. तो शब्द सरकारी मराठीला घ्यावासा वाटला नाही. बोलीतला आहे म्हणून, की ज्यांच्या तोंडी तो होता त्यांचा होता म्हणून? पांढरपेशा मराठीचा संस्कृतकडे असलेला ओढा पाहता दोन्ही कारणे मला एकच वाटतात. ‘राजनैतिक न्याय’ हेही त्यातलेच. परराष्ट्र खात्याच्या बातम्यांखेरीज मराठी माणूस हा शब्द कधी वापरतो? ‘राजकीय’ म्हटले असते तर काय बिघडले असते!

‘बंधुता’ या शब्दाविषयी जरा सावकाश बोलले पाहिजे. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात हे मूल्य नव्हते. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात ते घातले. फाळणीचे रक्त वाळले नव्हते आणि गांधींच्या खुनाला महिनाही झाला नव्हता. बंधुभावाची गरज आजच्याइतकी कधीच नव्हती, असे समितीने कारण दिले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले तेही याच मूल्याच्या संदर्भात. ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, हे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितले.

आता वऱ्हाडात ‘भाऊबंद’ म्हणजे कोण? आपल्याच कुळाचे, आपल्याच जातीचे. आणि ‘भाऊबंदकी’ म्हणजे धुऱ्यावरून डोकी फुटणे. शिवाय या शब्दात बहीण कोठे आहे? फुले माणसाविषयी लिहिताना स्त्रीचे नाव वेगळे घेत असत, ते उगाच नव्हे. बाबासाहेबांनीही या भावनेचे खरे नाव बुद्धाने दिलेली ‘मैत्री’ हेच मानले होते. मैत्री जात पाहून जन्मत नाही. ती करावी लागते. भाषांतरकारांनी हे लक्षात घेतले असते तर मराठी उद्देशिका मुळापेक्षाही मुळाच्या जवळ गेली असती.

मात्र सगळेच शब्द फसले आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘स्वतःप्रत अर्पण’ ही शब्दयोजना मला फार मोलाची वाटते. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधानसभेत उद्देशिका चर्चेला आली तेव्हा ह. वि. कामथ यांनी आरंभी ईश्वराचे नाव घालण्याची सूचना मांडली. कामथ हे मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले होते, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच प्रांताचे. श्रद्धेचे स्वातंत्र्य देणाऱ्या मजकुरात कोणाची श्रद्धा लादू नये, असा कुंझरूंचा विरोध होता. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. सूचना पडली. मराठीत ‘अर्पण’ म्हटले की पुढे देव आलाच पाहिजे. येथे त्या जागी माणसे उभी आहेत, ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही तीसुद्धा. त्या दिवशी चौदा मते फिरली असती तर काय झाले असते, हे आपल्या व्याख्यानांत कोणी सांगत नाही.

१९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने घातलेल्या ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दांवर आपले बहुतेक वक्ते थांबतात. त्यांना आव्हान देणारे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळले, ते योग्यच झाले. पण त्याच दुरुस्तीने राष्ट्राच्या एकतेला ‘एकात्मता’ची जोड दिली, याकडे लक्ष जात नाही. राष्ट्रासाठी दोन शब्द झाले. व्यक्तीसाठी एकच राहिला आणि मराठीत तोही असा.

यावर काही मित्र म्हणतात की शब्द लढ्याने बदलतात, ‘दलित’ या शब्दाचेही तसेच झाले. हे मी मान्य करतो. पण तो शब्द आपण स्वतः उचलला आणि त्यात आपला अर्थ भरला. ‘प्रतिष्ठा’ अजून त्यांच्याच ओसरीवर बसलेली आहे.

मी मुलीला सांगितले की अधिकृत मजकूर आपल्याला बदलता येत नाही. वाचताना तो आहे तसाच म्हणायचा. मग फळ्यावर ‘प्रतिष्ठा’ लिहून वर्गाला दुसरा शब्द विचारला. एकाने ‘इज्जत’ म्हटले, दुसऱ्याने ‘मान’. ती म्हणाली, “माणूसपण.” त्याच आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका माझ्याकडे तपासायला आली. तिच्यात ‘गावातील प्रतिष्ठित नागरिक व पालक’ असे होते. मी पहिले दोन शब्द खोडले आणि छापखान्यात पाठवून दिली.