पाहणे आणि करणे : वेब ब्राउझरमधील सामायिक टर्मिनलची चिकित्सा

बीजसंज्ञा : टर्मिनल, आज्ञापंक्ती, वेब ब्राउझर, अधिकार, कर्तृत्व

प्रस्तावना

संगणकाशी संवाद साधण्याचे जे मार्ग आज प्रचलित आहेत, त्यांत आज्ञापंक्तीचा मार्ग जुना आणि अत्यंत मितभाषी होय. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी, एंटरची कळ दाबावी आणि संगणकाने अक्षरांतच उत्तर द्यावे, एवढाच हा व्यवहार. तो प्रायः एकट्याने करावयाचा असतो. मात्र गोटीटीवाय (२०१५), त्यानंतरचे टीटीवायडी, तसेच टीमेट आणि एसएसएचएक्स यांसारख्या साधनांनी हा पडदा वेब ब्राउझरमधून इतरांपुढे उघडण्याची सोय केली. दुवा पाठवावा, समोरच्याने तो उघडावा आणि आपले टर्मिनल त्याच्या पडद्यावर दिसू लागावे. त्याला वेगळे काही स्थापित करावे लागत नाही.

या साधनांची चर्चा सामान्यतः वेग आणि सोय या अंगांनी होते. प्रस्तुत लेखात वेगळा निकष लावण्याचा प्रयत्न केला आहे. एखाद्याला आपले काम पाहू देणे आणि त्याला आपल्या नावाने काम करू देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद एखादे साधन कितपत राखते, यावरूनच त्याचे मोल ठरवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पूर्वपीठिका

हा प्रश्न ब्राउझरच्या पुष्कळ आधीचा आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक सादर केले, त्यात मेन्लो पार्क येथे बसलेले त्यांचे सहकारी बिल पॅक्स्टन त्याच पडद्यावर सहभागी झाले होते. दोघांचे दर्शक पडद्यावर एकाच वेळी फिरत होते. परंतु मजकुरावर प्रत्यक्ष क्रिया करण्याचा अधिकार एंगेलबार्ट यांनी स्वतःकडे राखला होता. पॅक्स्टन यांना केवळ निर्देश करता येत होता. या प्रात्यक्षिकाचे गोडवे गाताना माऊसचा उल्लेख सर्वच करतात. अधिकाराच्या या वाटणीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वास्तविक सामायिक पडद्याच्या पहिल्याच मोठ्या जाहीर प्रयोगात हा भेद विचारपूर्वक केलेला होता, ही बाब महत्त्वाची आहे.

याच्या अगदी उलट भूमिका एमआयटीच्या कृत्रिम प्रज्ञा प्रयोगशाळेतील आयटीएस या प्रणालीची होती. तेथे वापरकर्त्यांमध्ये भिंती जवळजवळ नव्हत्याच. दुसऱ्याच्या टर्मिनलवर काय उमटते आहे ते पाहण्यासाठी ‘ओएस’, म्हणजे ‘आउटपुट स्पाय’, नावाचा कार्यक्रम होता. त्यावर उतारा म्हणून ‘जेडगर’ हा प्रतिहेरगिरीचा कार्यक्रम लिहिला गेला. अमेरिकेच्या एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांच्यावरून त्याचे नाव पडले. कोणी आपला पडदा पाहत असल्यास तो सूचना देई आणि मालकाने परवानगी दिल्यास पाहणाऱ्याचे काम तेथेच संपवून टाकी. त्यातून इतकी मारामारी माजली, की शेवटी कोणीतरी केवळ काम केल्याचा आव आणणारा बनावट जेडगर त्याच्या जागी बसवला. ही कथा संगणकवर्तुळात विनोद म्हणून सांगितली जाते. पण त्या मंडळींनी एक गोष्ट ओळखली होती : पाहणाऱ्याची उपस्थिती ज्याला पाहिले जाते त्याला कळली पाहिजे.

साधनांची चिकित्सा

ब्राउझरमधील टर्मिनलची रचना समजण्यास कठीण नाही. यजमान संगणकावर एक आभासी टर्मिनल उघडले जाते. त्यातून येणारी अक्षरे वेबसॉकेटच्या जोडणीवरून ब्राउझरपर्यंत पोहोचतात. तेथे एक्सटर्म.जेएससारखे ग्रंथालय त्यांतील संकेत वाचून पडदा रंगवते. अतिथीने दाबलेली कळ त्याच वाटेने उलट प्रवास करते. म्हणजे वाट एकच असते. उलट दिशेने येणाऱ्या कळा स्वीकारावयाच्या की नाही, एवढाच निर्णय उरतो. या ठिकाणी साधनकर्त्याची भूमिका उघड होते.

गोटीटीवायने हा निर्णय योग्य दिशेने घेतला. मूळ मांडणीत अतिथीच्या कळा स्वीकारल्या जात नाहीत. त्यासाठी यजमानाला वेगळा पर्याय जाणीवपूर्वक द्यावा लागतो. टीटीवायडीमध्ये प्रारंभी याच्या उलट होते. १.७.४ या आवृत्तीपासून तेही मूलतः केवळ दर्शनापुरते झाले. सामान्य वापरकर्ता मूळ मांडणी क्वचितच बदलतो. म्हणूनच हा बदल किरकोळ मानता येणार नाही.

तथापि गोटीटीवायच्या नावामागे असलेली ‘सामायिक’ ही कल्पना फसवी आहे. प्रत्येक नव्या अतिथीसाठी ते दिलेली आज्ञा नव्याने सुरू करते. पाच जणांनी दुवा उघडला तर पाच स्वतंत्र प्रक्रिया चालू होतात. कोणीच कोणाचा पडदा पाहत नाही. एकच पडदा सर्वांना दिसावा असे वाटत असेल, तर टीमक्ससारखे साधन मध्ये योजावे लागते. दस्तऐवजात हे स्पष्ट सांगितले आहे, हे खरे. पण दस्तऐवज वाचून साधन वापरणाऱ्यांची संख्या आपल्या प्रयोगशाळांत किती असते, हे वाचक जाणतातच.

टीमक्स मध्ये आले की आणखी एक गंमत घडते. जुन्या आवृत्त्यांत सर्वांत लहान पडदा असलेल्या सहभागीच्या मापाने सर्वांचा पडदा आखला जाई. वर्गातील एका विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवरून दुवा उघडला की साऱ्या वर्गाच्या पडद्याचा कोपरा व्यापणारी छोटी चौकट तेवढी उरे. पुढील आवृत्त्यांत हा नियम बदलता येऊ लागला.

सर्वांत गंभीर आक्षेप दुव्याविषयी आहे. दुवा हा पत्ता आहे की किल्ली? पत्ता कोणालाही सांगता येतो, किल्ली सांगता येत नाही. परंतु यांतील अनेक साधनांत दुव्यातील यादृच्छिक अक्षरमालिका हाच प्रवेशाचा एकमेव आधार असतो. गटावर पुढे पाठवलेला दुवा, प्रयोगशाळेतील सार्वजनिक संगणकाच्या ब्राउझरमध्ये राहिलेली नोंद, या सर्व किल्लीच्या प्रती ठरतात. एसएसएचएक्सने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. त्यात सांकेतीकरणाची किल्ली दुव्यातील हॅश चिन्हानंतरच्या भागात असते आणि तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवत नाही. त्यामुळे मधल्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही. शिवाय सहभागींची नावे आणि दर्शक पडद्यावर दिसतात. आयटीएसच्या काळी जेडगरने जे दांडगाईने केले, ते येथे सभ्यपणे साधले आहे. पण केवळ पाहणाऱ्यांसाठी वेगळा दुवा हवा असल्यास तो पर्याय यजमानाने मागून घ्यावा लागतो. अन्यथा दुवा असलेला प्रत्येक जण लिहूही शकतो. इतक्या काळजीपूर्वक घडवलेल्या साधनाने मूळ मांडणीत ही ढिलाई का ठेवावी, हे समजत नाही.

लिहिण्याचा अधिकार दिल्यावर नेमके काय दिले जाते, याचाही विचार व्हावयास हवा. अतिथी यजमानाच्याच नावाने वावरतो. त्याने धारिका पुसली तर ती यजमानाने पुसली, अशीच नोंद होते. सुडो या आज्ञेचे उदाहरण बोलके आहे. यजमानाने एकदा संकेतशब्द दिला की पुढील काही मिनिटे त्याच टर्मिनलवर तो पुन्हा विचारला जात नाही. सामायिक पडदा हे तेच टर्मिनल असल्यामुळे, संकेतशब्द माहीत नसलेल्या अतिथीलाही त्या अवधीत संपूर्ण संगणकावर सत्ता मिळते. संकेतशब्द टंकताना पडद्यावर उमटत नाही म्हणून यजमान निश्चिंत असतो. ती निश्चिंती अस्थानी आहे. केवळ पाहण्याची मुभाही सर्वस्वी निरुपद्रवी नाही. आज्ञेतच लिहिलेला संकेतशब्द किंवा इतिहासाच्या यादीतील जुनी ओळ पाहणाऱ्याच्या हाती लागू शकते.

येथे एका जुन्या साधनाची आठवण करणे अगत्याचे आहे. १९८७ मध्ये जन्मलेल्या जीएनयू स्क्रीनच्या बहुवापरकर्ता पद्धतीत प्रत्येक व्यक्तीला तिच्या स्वतःच्या खात्याच्या नावाने प्रवेश देता येतो. कोणी कोणत्या खिडकीत लिहावे हे ठरवता येते. एका वेळी एकाच्याच हाती लेखणी राहील असे कुलूपही घालता येते. याची किंमतही मोजावी लागते : भिन्न खात्यांसाठी हा कार्यक्रम सर्वाधिकारासह चालवावा लागतो आणि प्रत्येकाचे खाते त्या संगणकावर असावे लागते. ब्राउझरने ही अडचण दूर केली, परंतु तिच्यासोबत नावेही गेली. एसएसएचएक्समध्ये दिसणारे नाव सहभागीने स्वतः टंकलेले असते. संगणकाच्या लेखी सर्व आज्ञा यजमानाच्याच.

आपल्या भाषेच्या दृष्टीने एक उणीव नोंदवणे आवश्यक वाटते. टर्मिनलचा पडदा समान चौकोनांच्या जाळीवर उभा आहे. देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा या जाळीत नीट बसत नाहीत. त्याच ब्राउझरच्या दुसऱ्या पानावर सुबक दिसणारे ‘विद्यार्थी’ टर्मिनलमध्ये अनेकदा मोडके उमटते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने कार्यक्रमात मराठी संदेश छापला तर तो आपलीच चूक शोधत बसतो.

वर्गातील उपयोजन

प्रात्यक्षिकाच्या तासाला या साधनांचा लाभ निःसंशय मोठा आहे. प्रक्षेपकावरील अक्षरे मागील बाकांवरून वाचता येत नाहीत. ब्राउझरमध्ये तीच अक्षरे प्रत्येकाला आपल्या मापाने वाढवता येतात, आज्ञा जशीच्या तशी उचलताही येते. चित्रफितीत हे शक्य नसते. उलट दिशेचा वापर मात्र जपून व्हावा. विद्यार्थी अडला की शिक्षकाने दुरून त्याच्या टर्मिनलमध्ये शिरून दोन ओळी लिहिण्याचा मोह स्वाभाविक आहे. काम होते, परंतु विद्यार्थ्याच्या बोटांना ते होत नाही. केवळ दर्शनाचा दुवा असला की शिक्षकाला बोलून सांगावे लागते आणि विद्यार्थ्याला ऐकून लिहावे लागते.

मूल्यमापनाच्या वेळी तर अडचण अधिक तीव्र होते. लिहिण्यास खुल्या असलेल्या सामायिक सत्रातील आज्ञांची यादी विद्यार्थ्याचे स्वतःचे काम म्हणून स्वीकारता येत नाही, कारण कोणती ओळ कोणाच्या हातून आली हे त्या यादीत कोठेच नसते. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी अशी साधने योजणाऱ्या विभागांनी किमान प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र खाते द्यावे आणि परीक्षकाकडे केवळ दर्शनाचा दुवा ठेवावा.