अनुबोधपटातील शाहीर

परप्रांतीच्या आम्हां नोकरदारांचे मराठी संगीत म्हणजे बहुधा नाट्यगीते, भावगीते आणि गणेशोत्सवातील अभंग. भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत राहूनही कामकऱ्यांच्या शाहिरीची आठवण आम्हांस सहसा होत नाही. आनंद पटवर्धन यांचे अनुबोधपट या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. त्यांची चर्चा होते ती सेन्सॉरशी झालेल्या झगड्यांमुळे. त्यांतील गाण्यांकडे मात्र आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या पाडापाडीवरील ‘हमारा शहर’ (१९८५) या चित्रपटात शाहीर विलास घोगरे गातात. पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध झालेले लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. चार दिवसांनी घोगरे यांनी गळफास घेतला. या आघातातून ‘जय भीम कॉम्रेड’ जन्मला. तो पूर्ण होण्यास चौदा वर्षे लागली; २०११ साली तो सिद्ध झाला.

जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात गाणी विसाव्यासाठी योजलेली नाहीत. दप्तरी मृतांचा आकडा नोंदला जातो. मागे राहिलेल्यांचा संताप, त्यांची थट्टा आणि त्यांचा स्वाभिमान यांस दप्तरात रकाना नसतो. तो रकाना येथे शाहीर भरतात. घोगऱ्यांपासून पुण्याच्या कबीर कला मंचातील शीतल साठे यांच्यापर्यंत एक परंपरा आपल्यापुढे उलगडते. तिची भाषा आपलीच असल्याने मराठी प्रेक्षकास उपशीर्षकांची गरज भासत नाही.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. खैरलांजीचे हत्याकांड (२००६), सभा, मोर्चे असा पसारा वाढत गेल्याने उत्तरार्धात घोगरे दूर राहतात. डाव्या सहकाऱ्यांपासून दुरावलेल्या या कॉम्रेडने अखेरच्या क्षणी डोक्यास निळे वस्त्र बांधले होते. वर्ग की जात, या वादाची एवढी जिवंत खूण हाती असता तिचा शोध अधिक खोलवर घ्यावयास हवा होता.

तरीही आमची शिफारस निःसंशय आहे. मराठी मंडळांनी वर्षातील एक संध्याकाळ या चित्रपटास द्यावी. महाराष्ट्राची जी गाणी आपण बदलीच्या सामानात बांधून आणली नाहीत, ती निदान एकदा ऐकली जावीत.